देवांचा निरोप

“मीठ जास्त झालं तर धनी मला भटारखान्यातल्या जात्याला जुंपतील, आणि बेताचं झालं तर तो रुस्तियस मला घेऊन जाईल,” फेलिक्ला म्हणाली. “तू एवढं वाचतोस ना, पंडित? मग सांग, मीठ किती घालू?”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, कारण आत दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. ज्यांनी आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही अशा सद्गृहस्थांसाठी सांगतो. नोला गावातलं आमच्या धन्यांचं घर पुढून पाहिलं तर डोळे दिपत. संगमरवरी हौद, रंगवलेल्या भिंती, कारंजं. पण जेवण शिजायचं ते जिन्याखालच्या एका काळ्या खोलीत. तिथे कंबरेइतका उंच दगडी ओटा, ओट्यावर निखारे, आणि ओट्याला लागूनच, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, सबंध घराचा शौचकूप. मधे पडदासुद्धा नाही. सगळीकडे अशीच सोय असते. पाहुण्यांना ती ठाऊक नसते इतकंच.

ओट्याच्या वर भिंतीवर घराचे देव रंगवलेले होते. दोन कुरळ्या केसांचे नाचरे तरुण, हातात शिंगाचे प्याले. हे लार, घराचे राखणदार. त्यांच्या मधे डोक्यावरून वस्त्र घेतलेला एक गृहस्थ, म्हणजे धन्यांचा स्वतःचा रक्षक आत्मा. आणि खाली, वेदीवरच्या अंड्याकडे सरपटत निघालेला पिवळा नाग. धुरानं सगळेच काळे पडले होते. फेलिक्ला दर पंधरवड्याला ओल्या फडक्यानं फक्त त्यांची तोंडं पुसायची. “निदान कोण बघतंय ते तरी दिसायला हवं,” म्हणायची.

“नेहमी घालतेस तेवढंच घाल,” मी म्हणालो.

“म्हणजे मी जाऊ?”

“तसं नाही...”

“मग कसं?”

“मी विचार करतो.”

“कर. तुझा विचार होईपर्यंत ही मांडी करपेल, आणि तिच्याबरोबर मीही.”

मांडी म्हणजे अंजिरांवर पोसलेल्या डुकराची. मधात मुरवायची, कणकेत गुंडाळायची आणि भाजायची. हे फेलिक्लाच्या हातचं गावात नावाजलेलं होतं, आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं.

आमचे धनी वीबियस यांना त्या वर्षी नगराधिकारी व्हायचं होतं. त्यासाठी रुस्तियस या वजनदार माणसाचा शब्द हवा होता. धन्यांची एक खोड होती. बड्या पाहुण्यानं जी वस्तू तोंडानं नावाजली ती ते जागच्या जागी त्याला देऊन टाकत. आमचा मोर असा गेला. रुप्याचा वाडगा असाच गेला. माळी गेला तेव्हा तर पाहुण्यानं फक्त गुलाबांचं कौतुक केलं होतं. आणि रुस्तियसनं आठवड्यापूर्वीच निरोप धाडला होता की, तुझी स्वयंपाकीण फार वाखाणतात म्हणे, चाखून पाहिलं पाहिजे. त्याच्या घरी मागच्या दोन वर्षांत तीन आचारी झाले होते. जेवण गार झालं की तो चाबूक मागवतो, हे नोलात पोरासोरांना माहीत होतं. त्याचं भोजनगृह त्याच्या चुलीपासून बरंच लांब होतं हेही माहीत होतं.

माझं नाव थालस. मी त्या घरचा गुलाम, वाचकाच्या कामावरचा. जेवताना धन्यांना काव्य वाचून दाखवायचं, पत्रं लिहायची, पोथ्यांना वाळवी लागू द्यायची नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना माझा आवाज खणखणीत असे. स्वतःचं काही बोलायचं म्हटलं की तो कुठे जात असे, देव जाणे. फेलिक्लाला सांगायची म्हणून एक गोष्ट मी तीन वर्षांपूर्वी लिहून काढली होती. पाच वेळा सुधारली, दोनदा नव्यानं उतरवली. पण तिला वाचता येत नव्हतं. म्हणजे वाचून मलाच दाखवावी लागणार होती, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

दुपार कलल्यावर रुस्तियस आला. उंच, काटकुळा माणूस. गळ्यात इतके ताईत की चालताना घुंगुरवाळ्यासारखा आवाज व्हायचा. उंबरठ्यावर त्यानं डावा पाय उचलला होता. तो मागे घेऊन उजवा टाकला. तेवढ्यात रस्त्यावर कोणीतरी शिंकलं. तो परत रस्त्यावर गेला, थोडा थांबला आणि पुन्हा आत आला.

“सावधगिरी बरी,” तो म्हणाला.

“अगदी बरोबर! आम्हीही असंच करतो,” धनी म्हणाले. आम्ही असं कधीच केलं नव्हतं. धन्यांच्या मागे उभ्या असलेल्या ओप्पियाबाईसाहेबांनी पंख्याआड तोंड लपवलं.

तिघं आसनांवर कलंडली. मी कोपऱ्यात पोथी घेऊन उभा राहिलो. पहिल्या वाढीत उकडलेली अंडी होती, त्यावर फेलिक्लानं वाटलेल्या चिलगोज्यांचा आणि मधाचा रस ओतला होता. रुस्तियसनं एक अंडं खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसऱ्याला डोळे मिटले. मी एका ओळीवरून तीन ओळी खाली घसरलो, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग त्यानं बोट वर केलं. “वीबियस,” तो म्हणाला, “तुझी ही—”

आणि थांबला. कारण नोकरानं त्याच क्षणी पहिलं ताट उचललं होतं.

इथे एक रीत सांगायला हवी. पहिली वाढ संपली की जेवणारे गप्प होतात. देवांचा वाटा स्वयंपाकघरात जातो, चुलीत पडतो, आणि कोणीतरी परत येऊन मोठ्यानं सांगतं, ‘देव प्रसन्न आहेत.’ तोवर कोणी चकार शब्द काढायचा नाही. पुष्कळ घरांत हल्ली यात ढिलाई झाली आहे. पण रुस्तियस अर्ध्या वाक्यात तोंड मिटणारा माणूस होता. बोट तसंच वर ठेवून तो माझ्याकडे पाहू लागला.

तो निरोप सांगायचं काम माझ्याकडे होतं. बारा वर्षं मीच ते करत होतो. आवाज चांगला, म्हणून.

धनी खुशीत होते. देवांच्या वाट्याची छोटी थाळी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. तीत एक अंडं आणि मीठ घातलेल्या पिठाची चिमूट होती. मी निघालो. मागे इतकी शांतता होती की माझ्या वहाणांचा आवाज मलाच उद्धट वाटला.

“काही बोलला?” फेलिक्लानं विचारलं.

“‘वीबियस, तुझी ही’ इथपर्यंत बोलला.”

“तुझी ही काय?”

“ते मी जाऊन देव प्रसन्न आहेत म्हटल्यावर बोलेल.”

फेलिक्ला गप्प बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिनं हात पुसले, देवांकडे एकदा पाहिलं आणि मला ओट्याकडे यायला जागा करून देत बाजूला सरकली.

मी थाळी निखाऱ्यांवर धरली. नेहमीचे शब्द म्हटले. थाळी कलती केली, आणि मग माझं कोपर कशाला तरी लागलं, की मीच अडखळलो, कोण जाणे. माझे हात लेखणी सोडून काहीही धरायला नालायकच होते. अंडं थाळीच्या कडेवरून घरंगळलं, ओट्याच्या काठावर एकदा आपटलं, आणि शेजारच्या भोकात गेलं.

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं.

“बुडालं,” फेलिक्ला म्हणाली.

हातातून पडलेला घास तसाच उचलायचा, त्यावर फुंकरसुद्धा मारायची नाही, आणि तोच लारांपुढे जाळायचा, असा नियम आहे. नियम चांगला आहे, जुना आहे. पण तो करणाऱ्यांच्या मनात जमीन होती.

“थांब, दुसरं अंडं देते,” फेलिक्ला म्हणाली.

“चालणार नाही. पडलेलंच द्यावं लागतं.”

“मग काढ. मोठा डाव आणू?”

“तिथून काढून? देवांना?”

“मग मी काय सांगू? तुझ्या पोथ्यांत लिहिलं असेल काहीतरी.”

“यावर कोणी लिहिलेलं नाही.” हे मी खात्रीनं सांगितलं. त्यानंतर चाळीस वर्षं शोधलं, अजूनही नाही.

“मग जा आणि नेहमीचं म्हण. तीन शब्द तर आहेत.”

“पण ते खरं नाही.”

“आणि बारा वर्षं खरं होतं?”

मी रिकामी थाळी घेऊन निघालो. वाटेत तीन शब्द मनात घोकत होतो. दुसऱ्याचे शब्द आहेत, म्हटलं, नुसते वाचायचे. दारात पोचलो. धनी हसत होते. रुस्तियसचं बोट अजून वरच होतं, वाक्याच्या उरलेल्या भागासाठी. मी तोंड उघडलं.

“देव,” मी म्हणालो. “प्रसन्न.” आणि मग, अगदी खणखणीत, “नाहीत.”

मी आयुष्यात इतकं स्पष्ट काही बोललो नव्हतो.

पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण असं कोणी कधी म्हटलंच नव्हतं. धन्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. रुस्तियसचं बोट हळूहळू खाली आलं आणि ताइतांत शिरलं. बोलायचं तर कोणी बोलू शकत नव्हतं. देव प्रसन्न होईपर्यंत गप्प बसायचं हीच तर रीत. धन्यांनी मला भुवयांनी विचारलं, काय? मी खांदे वर केले. त्यांनी मुठीनं सांगितलं, पुन्हा जा. मुठीनं आणखीही काही सांगितलं, ते मला समजलं. बाईसाहेब उशीत तोंड खुपसून हलत होत्या. रडताहेत असं रुस्तियसला वाटलं असावं, कारण त्यानं त्यांना आपला एक ताईत काढून दिला.

“काय म्हणालास?” फेलिक्लानं विचारलं.

“नाहीत म्हणालो.”

ती कोळशाच्या पोत्यावर बसली. “धन्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“आणि तो?”

“तो गप्पच आहे. सगळेच गप्प आहेत. जेवणही थांबलंय.”

“अरे देवा, मांडी तयार आहे! आत्ता गेली नाही तर वरच्या पारीचं चामडं होईल.” मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. “थालस, तुला चाबूक बसणार.”

“बहुतेक.”

“मग जाऊन सांग ना आता प्रसन्न झाले म्हणून!”

“झाले का?”

तिनं भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. लार नाचत होते. नाग अंड्याकडे चालला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते अंडं फार डोळ्यांवर आलं.

मी परत गेलो आणि म्हणालो, “अजून नाहीत.”

तेव्हा रुस्तियस उठला. वहाणा चढवल्या, मला हातानं खूण केली की चल, दाखव. धनी ताडकन उठले आणि त्याला अडवायला दोन्ही हात पसरून उभे राहिले. अडवायचं कारण मात्र त्यांना तोंडानं सांगता येईना. ते हातांनी धूर दाखवू लागले, मग नाक दाबून दाखवलं, मग खाली बसून जे काही दाखवलं ते त्यांनी दाखवलं नसतं तर बरं झालं असतं. रुस्तियस त्यांना वळसा घालून पुढे निघाला. मागून धनी, त्यांच्या मागून बाईसाहेब. नगराधिकारी होऊ पाहणारा माणूस आणि त्याला तसं करू शकणारा माणूस, अशी ती मूक मिरवणूक जिन्याखाली आली. रुस्तियसचं डोकं चौकटीवर आपटलं. तोंडातून आवाज आला नाही. त्या माणसाची श्रद्धा खरी होती, एवढं म्हणायलाच हवं.

स्वयंपाकघरात आम्ही पाच जण कसे मावलो ते आजही मला सांगता यायचं नाही. फेलिक्ला ओट्याला चिकटून खाली मान घालून उभी होती. धनी स्वतःचं स्वयंपाकघर बहुधा पहिल्यांदाच बघत होते. भिंतीवर काळ्याठिक्कर अंगातून फक्त पुसलेलं तोंड बाहेर काढून त्यांचाच रक्षक आत्मा त्यांच्याकडे रोखून बघत होता. धन्यांनी नजर वळवली, तर दुसऱ्या बाजूला भोक.

रुस्तियसनं देवांपुढे ओंजळ केली. मग अगदी हळू, कुजबुजत, म्हणाला, “देवांसमोर बोललं तर चालतं. कारण काय?”

“वाटा पडला,” मी म्हणालो.

“कुठे?”

मी बोट दाखवलं.

त्यानं वाकून पाहिलं. आमच्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं. सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

“कोणाच्या हातून?”

“माझ्या.”

“आणि हीच ती स्वयंपाकीण?”

फेलिक्लानं आणखी मान खाली घातली.

“या चुलीवर असं पूर्वी कधी झालंय?”

“नाही,” मी म्हणालो.

“दोनदा, धनी,” फेलिक्ला म्हणाली, पापणीही न लववता.

आमच्या धन्यांच्या घशातून लोहाराच्या भात्यासारखा आवाज आला. रुस्तियस मागे सरला. वळला, थबकला, पाय बदलला आणि उजव्या पायानं बाहेर पडला. आम्ही सगळे त्याच्या मागून दिवाणखान्यातून, हौदाजवळून, थेट दारापर्यंत गेलो. तिथे त्यानं खांद्यावरचं वस्त्र सावरलं आणि सुरुवातीपासून अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

“वीबियस,” तो म्हणाला, “तुझी ही चूल पाडून टाक.”

तो गेल्यावर धनी माझ्याकडे वळले. बारा वर्षांचा सगळा आवाज त्यांनी त्या घटकेला काढला. मी गाढव, मी ग्रीक, मी पोथ्यांतली वाळवी. चाबूक कुठे आहे ते मात्र कोणालाच सापडेना. बाईसाहेब त्यावर पंखा ठेवून बसल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

“आधी जेवून घ्या,” बाईसाहेब म्हणाल्या. “मग मारा.”

“कसलं जेवण! घास उतरेल का मला?”

“फेलिक्ला, आण गं ती मांडी.”

फेलिक्लानं मांडी आणली. वरची पारी खरोखरच चामडं झाली होती. पण आतलं मांस धन्यांनी अर्धं संपवलं, प्रत्येक घासाला मला एक शिवी देत. शेवटी शेवटी घास मोठे झाले आणि शिव्या लहान.

त्या वर्षी ते निवडून आले नाहीत. आम्हा दोघांना विकून टाकायचं त्यांनी ठरवलं, पण रुस्तियसनं गोष्ट नोलाभर केली होती. देवांनी वाटा नाकारलेली स्वयंपाकीण आणि तसं तोंडावर सांगणारा वाचक, कोण दारात उभं करणार? धन्यांनी आम्हांला नाइलाजानं ठेवलं. देवांचा निरोप सांगायचं काम माळ्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला दिलं. त्याचे देव रोज प्रसन्न असत. फेलिक्लानं दुसऱ्या दिवसापासून मला वाढताना भाकरीचा मऊ भाग ठेवायला सुरुवात केली, आणि तीन वर्षं लिहून ठेवलेलं मला वाचून दाखवावं लागलंच नाही. पुढे धनी गेले. बाईसाहेबांनी स्वतःच्या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना मोकळं केलं.

आता आम्ही रंगाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. लार एका छोट्या लाकडी कपाटात आहेत, तळहाताएवढे. शेजारपाजारची माणसं मला अजून ती गोष्ट सांगायला लावतात, आणि सांगताना त्यात माझं धैर्य दरवर्षी थोडं वाढतं. ते मी वाढवत नाही, ऐकणारे वाढवतात. ‘बायकोसाठी नगरश्रेष्ठींपुढे देव उभे केले,’ म्हणतात. फेलिक्ला ऐकते आणि चुलीकडे बघत राहते.

मला हे बोचायचं. गेल्या हिवाळ्यात, खोकल्यानं मी आठ दिवस पडून होतो, तेव्हा वाटलं की सांगून टाकावं.

“फेलिक्ला,” मी म्हणालो, “ते मी तुझ्यासाठी केलं नव्हतं. म्हणजे, केलं असतं. पण मी प्रसन्न आहेत असंच म्हणणार होतो. तोंडून निघालंच नाही. अंडं पडलं होतं. खोटं कसं बोलणार?”

ती वाटाणे सोलत होती. “माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“तेव्हापासूनच. म्हणून तर कोपराला धक्का दिला.”

मी उठून बसलो. खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत तिनं आणखी चार शेंगा सोलल्या.

“तू दिलास?”

“मग अंडं काय आपणहून उडी मारेल? दुसरा कोणी असता तर धक्का देऊन उपयोग नव्हता. खुशाल जाऊन प्रसन्न आहेत म्हणाला असता. मी म्हटलं, पूर्ण नोलात एकच माणूस असा आहे ज्याला हे जमणार नाही.”

“आणि मी म्हणालो असतो तर? तू तर सांगतही होतीस, जा, तीन शब्द म्हण!”

“तर रुस्तियसकडे गेले असते. जाताना तुला शिव्या दिल्या असत्या.” तिनं आणखी एक शेंग उचलली. “जरा घाबरले होते मी. तू दारातून बाहेर पडलास तेव्हा.”

मी पुन्हा आडवा झालो. छताकडे बघत असताना हळूहळू दुसरीच गोष्ट ध्यानात आली.

अंडं पडलं त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी, चुलीला माळ घालतात तेव्हा, मी लारांपुढे एक अंडं ठेवतो आणि त्या वाट्याची माफी मागतो. चाळीस वर्षं. एकही महिना चुकलेला नाही. अंगात ताप असताना मागितली आहे, प्रवासात असताना परक्या चुलीपुढे मागितली आहे. आणि ती दर वेळी शेजारी उभी होती.

“म्हणजे इतकी वर्षं मी ज्याची माफी मागतोय,” मी म्हणालो, “ते पाप—”

“माझं,” फेलिक्ला म्हणाली. “मी म्हटलं, कोणीतरी मागतंय ना, मग बरंच आहे. तुला शब्दही चांगले सुचतात.”

चार दिवसांनी महिना लागला. तिनं माळ केली, मी कपाट उघडलं आणि अंडं ठेवलं. नेहमीचे शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले, कारण ते आता खरे नव्हते. लार प्याले उंचावून वाट बघत होते. मी फेलिक्लाकडे पाहिलं.

“बघतोस काय?” ती म्हणाली. “माझं नाव घेऊन माग.”

मी मागितली.